पट्ट्यापट्ट्यांचा मफलर: क्रोशाची सुई पहिल्यांदा धरणाऱ्यांसाठी

माझा पहिला मफलर ३० खांबांनी (खांब म्हणजे क्रोशाचा एक उभा टाका) सुरू झाला आणि १९ खांबांवर संपला. मधले ११ खांब कुठे गळाले ते विणताना कळलंच नाही. मोठ्या हौसेने पलंगावर पसरला, तर एक टोक चांगलं वीतभर रुंद आणि दुसरं त्याच्या निम्म्याला टेकलेलं. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "झेंडा झालाय गं ह्याचा. काठी तेवढी आण."

तो सगळा मफलर मरून रंगाचा होता, आणि निम्मा दोष त्या एकरंगीपणाचा होता असं मला आजही वाटतं. एकाच रंगात ओळीवर ओळ चढत गेली की खांब कुठे सुटला ते उमगत नाही. पुढच्या हिवाळ्यात मावशीने तीन रंगांच्या गुंड्या हातात दिल्या. "दर पट्ट्याला मोजायचं. चुकलीस तर तेवढाच पट्टा उसवायचा," एवढंच तिचं शिकवणं. तो मफलर सरळ झाला. आता साताऱ्यात दुपारच्या वेळी शेजारपाजारच्या बायका सुई घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येक नवी म्हणते, "आधी साधा करते, मग पट्ट्यांचा." मी उलटं सांगते. शेतात वाफे पाडले की पाणी त्या त्या वाफ्यात अडतं, तशी पट्ट्यांमुळे चूक त्या त्या पट्ट्यात अडते.

आपण करणार आहोत तो मफलर साधारण १८ ते १९ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब. रुंदीला २६ खांब, लांबीला सुमारे १२० ओळी. दर दोन ओळींनी रंग बदलायचा, म्हणजे ६० पट्टे, तीन रंगांत वाटले तर प्रत्येकी २०. आकडे बघून धास्तावू नका. मला सुरुवातीला एका ओळीला सात-आठ मिनिटं लागायची, पंधरा-वीस पट्टे झाल्यावर ती चारवर आली. रोज तासभर बसलात तर दोन आठवड्यांत मफलर गळ्यात पडेल.

सुई आणि लोकर

घरात आजीचा क्रोशाचा डबा सापडला की आधी आनंद होतो आणि मग घोटाळा. त्या डब्यातल्या सुया बहुधा स्टीलच्या, तोंड जेमतेम एक-दीड मिलिमीटरचं. त्या दोऱ्याच्या कामाच्या: रुमालाची लेस, तोरण, टीव्हीवर टाकायचा रुमाल. त्या सुईने लोकर धरायला गेलात तर तिचे पदर सुटतात, निम्मे धागे आत येतात, निम्मे बाहेर राहतात. मफलरसाठी ५ मिलिमीटरची सुई घ्या. अ‍ॅल्युमिनियमची चालेल, प्लॅस्टिकची चालेल. अ‍ॅल्युमिनियमवर लोकर जास्त सरकते, हात लवकर चालतो. बांबूची थोडी अडते, पण अगदी नवख्या हाताला तो अडथळाच बरा वाटतो.

लोकर मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक घ्या. दुकानात "लोकर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असतं, मेंढीचा त्यात संबंध नसतो. खरं-खोटं बघायचं असेल तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मफलर गळ्याशी घासतो, वरचेवर धुवावा लागतो, त्यामुळे पहिल्या कामाला अ‍ॅक्रिलिकच सोयीचं.

मला नेहमी कुणीतरी विचारतं, की आपल्या माणदेशात एवढी मेंढरं, मग तिथली लोकर का नको? दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आखूड धाग्यांची असते. चिंचोक्याची खळ लावून मागावर विणलेली घोंगडी तिचीच, आणि त्या घोंगडीला तोड नाही. पण तीच लोकर गळ्याला गुंडाळा, पाच मिनिटांत मान खाजवत बसाल. ज्याचं काम त्यानेच करावं.

किती घ्यायची? या मापाला सगळी मिळून २०० ते २५० ग्रॅम लागते. तीन रंगांची प्रत्येकी १०० ग्रॅम घेतलीत की कडा आणि झालरसुद्धा त्यातच भागते. रंगांचे लॉट वेगवेगळे निघतात, म्हणून एका रंगाच्या दोन गुंड्या घेणार असाल तर लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. मला एका दुकानात "सेम टू सेम आहे ताई" म्हणून दुसऱ्या लॉटची गुंडी दिली होती. ट्यूबलाइटखाली सेम होती. घरी उन्हात आणली तर एक पिवळा हळदीचा आणि एक लिंबाचा. तेव्हापासून मी गुंडी दुकानाच्या पायरीवर, उजेडात नेऊन बघते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

जुना स्वेटर उसवून निघालेली लोकरही चालते, पण ती नागमोडी झालेली असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, दोन-तीन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून पिळून टांगा. वाळली की सरळ होते. तिन्ही रंगांची जाडी मात्र सारखी हवी. एक जाड आणि दोन बारीक असं झालं तर जाड पट्टा फुगतो आणि कड लाटेसारखी दिसते.

बाकी सामान किरकोळ: कात्री, टेप, दोन-चार सेफ्टी पिना आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई. दाभण घेऊ नका, ते टोकदार असल्यामुळे लोकरीच्या पोटातूनच आरपार जातं.

रंग निवडताना

सातारकराला रंग विचारले की तो कासला पोचतोच. मीही पोचले होते. सप्टेंबरात पठारावर सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा एकत्र दिसतो, तेच तीन रंग मी घेतले. पुढे सोयीसाठी मी पिवळा, गुलाबी, जांभळा हीच नावं वापरणार आहे, तुम्ही तुमचे रंग त्या जागी ठेवा.

पठारावर जे शोभतं ते मफलरवर शोभेलच असं नाही. माझा पहिला गुलाबी आणि जांभळा एकमेकांत इतका मिसळला, की लांबून दोन्ही मिळून एकच जाड पट्टा दिसायचा. नियम सोपा आहे: एक रंग गडद, एक मधला, एक फिकट. दुकानात तिन्ही गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. तीन वेगळे राखाडी दिसले तर पट्टे उठून दिसतील. दोन सारखे दिसले तर त्यातली एक गुंडी परत ठेवा. मी गुलाबी परत केला, फिकट घेतला, आणि मग जमलं.

आधी हात बसवा

थेट मफलर सुरू करू नका. एका संध्याकाळी नुसता सराव करा, तोही फिक्या रंगाच्या लोकरीवर. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, शिकणाऱ्याचे डोळे फुटतात.

सुई उजव्या हातात, पेन धरतो तशी किंवा सुरी धरतो तशी. दोन्ही बरोबर. मनगट दुखत असेल तर धरण्याची पद्धत बदलून बघा. लोकर डाव्या हाताच्या करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून पुढे आणायची. ती बोटांतून सरकली पाहिजे, पण आपोआप घसरता कामा नये. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं. उजव्या हाताची सक्ती करून घेऊ नका.

पहिली गाठ सुरगाठ, म्हणजे टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ मारलीत तर सुईवर आवळून बसेल. शेवटाचं १५ सेंटिमीटर टोक मोकळं ठेवा, फास सुईवर चढवा आणि हलकाच ओढा. आता साखळी: सुईवर लोकर घ्या आणि ती फासातून ओढून बाहेर काढा. झाली एक साखळी. अशा पन्नास घाला, उसवा, परत पन्नास घाला. सगळ्या एकसारख्या दिसू लागल्या की पुढे चला. मोजताना सुईवरचा फास आणि सुरुवातीची गाठ धरायची नाही, मधल्या वेणीच्या पाकळ्या तेवढ्या मोजायच्या.

मग खांब. हाच आपला सगळा मफलर.

१. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या.
२. सुई टाक्यात घाला, लोकर धरा आणि बाहेर ओढा. सुईवर तीन फास दिसतील.
३. लोकर घ्या, पहिल्या दोन फासांतून ओढा. दोन फास उरतील.
४. पुन्हा लोकर घ्या, उरलेल्या दोन्हींतून ओढा. एक फास उरला, खांब उभा राहिला.

तीन, दोन, एक. माझी मावशी हे आकडे पुटपुटत विणायची, मीही पुटपुटते.

मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण इथे हमखास गल्लत होते. अमेरिकन बाई ज्याला "डबल क्रोशे" म्हणते तो आपला खांब; ब्रिटिश बाई त्यालाच "ट्रेबल" म्हणते. ब्रिटिश "डबल क्रोशे" म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकेत तोच "सिंगल". आमच्या शेजारच्या वहिनींनी ब्रिटिश व्हिडिओ बघून निम्मा मफलर मुक्या खांबांत विणला आणि "तुमच्या हिशेबाने लांबी का भरत नाही?" म्हणून माझ्याशी वाद घातला. मुका खांब ठेंगणा असतो, लांबी कुठून भरणार!

पाया कसा घालायचा आणि ओळ कशी उलटायची ते पुढे सांगितलंय, ते वाचून २० खांबांचा, १० ओळींचा एक चौकोन विणा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरवर किती खांब बसतात ते टेपने मोजा. साधारण १४ आले तर माझे सगळे आकडे तुम्हाला लागू. १६-१७ आले तर हात घट्ट आहे, साडेपाचची सुई घ्या. १२ आले तर साडेचारची. सुई बदलायची नसेल तर हिशेब करा: १० सेंटिमीटरमधले खांब गुणिले हवी ती रुंदी, भागिले १०. म्हणजे १५ खांब येत असतील आणि १८ सेंटिमीटर हवं असेल तर २७ खांब.

पाया आणि पहिली ओळ

पिवळ्या लोकरीने २८ साखळ्या घाला. २६ खांबांच्या आणि २ वळणाच्या. पायाच्या साखळ्या सैल हव्यात. त्या घट्ट पडल्या की मफलरचं खालचं टोक आत ओढलं जातं आणि धनुष्यासारखं वाकतं, मग पुढच्या १२० ओळी कितीही चांगल्या विणा. हात आवळ असेल तर फक्त पायापुरती साडेपाच किंवा सहाची सुई घ्या.

आता सुईजवळच्या दोन साखळ्या सोडा आणि तिसरीत पहिला खांब घाला. मग प्रत्येक साखळीत एकेक. साखळीचा एक धागा उचला किंवा दोन, पण जे कराल ते ओळभर सारखं करा. ही ओळ सगळ्यात कटकटीची. साखळी पिळवटते, सुई कुठे घालायची ते दिसत नाही, वाटतं आपल्याला हे जमणार नाही. दुसऱ्या ओळीपासून काम सोपं होतं, तेवढा धीर धरा. संपल्यावर मोजा: २६. नसतील तर उसवा. पहिल्याच ओळीतली तडजोड शेवटच्या ओळीपर्यंत तुमच्यासोबत येते.

कड: माझे ११ खांब इथेच गेले

पुढच्या ओळीला जाण्यासाठी काम पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं आणि उंची गाठायला थोड्या साखळ्या घालायच्या. इथे दोन पंथ आहेत. जुन्या पद्धतीत ३ साखळ्या घालतात आणि त्यांनाच पहिला खांब मानतात. मग खालचा पहिला खांब सोडायचा, आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा. माझी मावशी असंच करते आणि तिची कड दृष्ट लागण्यासारखी येते. पण नवशिका माणूस तो शेवटचा खांब विसरतो, कारण साखळ्यांचा माथा खांबासारखा दिसत नाही. दर दोन-चार ओळींनी एक विसरला की झेंडा तयार.

म्हणून मी नव्यांना दुसरा रस्ता सांगते. फक्त २ साखळ्या घाला आणि त्यांना मोजूच नका. त्या नुसती शिडी. खांब पहिल्याच खांबाच्या माथ्यात घाला, शेवटचा शेवटच्या खांबात. खाली २६, वर २६. कड किंचित फुगीर येते, पण शेवटी तिच्यावर आपण काठ घालणारच आहोत.

सुई खांबाच्या माथ्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून घाला. माथा वरून बघितलात तर वेणीच्या पाकळीसारखा दिसतो. एकाच धाग्याखालून घातलीत तर आडवी रेघ उमटते. मुद्दाम केली तर नक्षी, चुकून झाली तर चूक.

आणि सेफ्टी पिन. प्रत्येक ओळीचा पहिला खांब घातला की त्याच्या माथ्यात पिन अडकवा. परत येताना ओळीचा शेवट तिथेच आहे, पिनेच्या टाक्यात खांब घातल्याशिवाय उलटायचं नाही. दोन पिना आलटून पालटून पुरतात. पंधरा-वीस ओळींनी डोळ्याला कड ओळखू येते, मग पिना काढून टाका. मोजणी मात्र काढू नका. मी पाच-पाचचे गट मोजते: पाच गट आणि वर एक. गप्पा मारत विणायचं असेल तर गप्पा ओळीच्या मध्यावर माराव्यात, कडेला गप्प बसावं. आमच्या घरात हे आता सगळ्यांना माहीत आहे. मी बोट वर केलं की समोरचा थांबतो.

रंग कुठे बदलायचा

नवीन रंग नवी ओळ सुरू करताना जोडायचा, असं सगळ्यांना वाटतं. तिथेच पट्ट्याची रेघ बिघडते. खांबाचा माथा हा त्या खांबाच्या शेवटच्या ओढीतून तयार होतो. म्हणून ओळीतल्या शेवटच्या खांबाची शेवटची ओढच नव्या रंगाने घ्यायची.

म्हणजे असं: पिवळ्याची दुसरी ओळ, सव्विसावा खांब. तीन फास, मग दोन फास. इथे थांबा. पिवळी लोकर खाली सोडा, गुलाबीचं टोक १५ सेंटिमीटर मागे ठेवून सुईवर घ्या आणि दोन्ही फासांतून ओढा. सुईवर आता गुलाबी फास आहे. काम उलटा, गुलाबीच्याच २ साखळ्या, पुढे चालू. दोन्ही टोकं हलकेच ओढून घट्ट करा. गाठ मारू नका. गाठ मफलरमध्ये खड्यासारखी लागते आणि कधीतरी वर येऊन डोकावतेच.

आता पिवळी लोकर कापायची का? हिशेब करून बघा. दर पट्ट्याला कापलीत तर ६० पट्ट्यांची १२० टोकं होतील, आणि ती सगळी एकेक करून आत लपवावी लागतील. मी एका मफलरला ते केलं होतं. विणायला दोन आठवडे लागले आणि टोकं लपवायला आणखी एक. म्हणून कापायची नाही, कडेने वर चढवायची. आपण पट्टा दोन ओळींचा ठेवला तो याचसाठी. एक ओळ जाताना, एक येताना, म्हणजे दरवेळी रंग बदलायला आपण त्याच कडेला येतो आणि बाकीच्या लोकरी तिथेच लोंबत वाट बघत असतात. तीन किंवा पाच ओळींचा पट्टा केलात तर रंग एकदा या कडेला आणि एकदा त्या कडेला बदलावा लागतो, आणि लोकरी दोन्ही कडांना विखुरतात.

गुलाबीच्या दोन ओळी, मग जांभळ्याच्या दोन, आणि पुन्हा पिवळा. तोवर पिवळ्या लोकरीला चार ओळी, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर वर चढावं लागतं. एवढी लांब लोकर मोकळी राहिली तर त्यात बोटं, कानातले डूल, काहीही अडकतं. म्हणून मधल्या बदलाच्या वेळी, गुलाबीवरून जांभळ्यावर जाताना, वाट बघणारी पिवळी लोकर कामाच्या लोकरीवरून एकदा फिरवून घ्या. ती कडेला चिकटून राहते. आणि वर चढवताना ताणू नका. कड बोटांनी थोडी ओढून बघा, चढवलेली लोकर कड गोळा करत असेल तर सैल सोडा. ताणलेल्या कडेचा मफलर केळीसारखा एका बाजूला वळतो.

तीन गुंड्या म्हटल्यावर गुंता होणारच. दोन उपाय. काम उलटताना एकदा घड्याळाच्या दिशेने आणि पुढच्या वेळी उलट दिशेने फिरवा. एका वळणात पडलेला पीळ दुसऱ्यात सुटतो. आणि तिन्ही गुंड्या तीन वेगळ्या डब्यांत ठेवा. मी कंदी पेढ्यांचे रिकामे खोके वापरते, झाकणाला भोक पाडून लोकर बाहेर काढते. आमच्याकडे ते खोके कधी कमी पडत नाहीत.

मध्येच काही बिघडलं तर

दर पट्ट्याच्या शेवटी, रंग बदलण्याआधी, २६ मोजा. २५ भरले तर कडेला बघा, शेवटचा खांब राहिलाय. २७ भरले तर बहुधा वळणाच्या २ साखळ्यांत खांब घातलाय. मधे भोक दिसत असेल तर तिथला एक टाका सुटला आहे. उपाय एकच, उसवणं. पट्टा म्हणजे फार तर ५२ खांब, दहा मिनिटांचं काम. नवीन शिकणाऱ्या "पुढच्या ओळीत एक वाढवून टाकते" म्हणतात. टाका, पण तिथे पट्ट्याची कड खाच पडल्यासारखी दिसेल आणि मफलर घालणाऱ्याला नाही दिसली तरी तुम्हाला रोज दिसेल.

मोजणी बरोबर आणि तरी एखादा पट्टा अरुंद, असंही होतं. तो हाताचा ताण. दूध उतू जाईल म्हणून घाईत विणलेली ओळ आणि निवांत विणलेली ओळ वेगळी दिसते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक काठात लपतो. त्याहून जास्त असेल तर उसवा. आणि पट्टा अर्ध्यावर टाकून उठू नका, उठायचंच तर मोजून, रंग बदलून उठा.

काठ, टोकं आणि झालर

शेवटचा खांब झाला की लोकर कापा आणि टोक फासातून पूर्ण बाहेर ओढा. ही गाठ सुटत नाही.

आता काठ. गडद रंग, म्हणजे जांभळा घ्या आणि दोन्ही लांब कडांना मुक्या खांबांची एक ओळ घाला. मुका खांब सोपा: वेढा न घेता सुई घाला, लोकर ओढा, दोन फास झाले, लोकर घेऊन दोन्हींतून ओढा. कडेला प्रत्येक ओळीच्या उंचीत दोन मुके खांब, म्हणजे एका बाजूला सुमारे २४०. ज्या बाजूने लोकरी वर चढवल्या आहेत त्या बाजूला सुई त्या लोकरींच्या पलीकडून घाला, म्हणजे त्या काठाच्या पोटात जातात आणि दिसेनाशा होतात. काठ लाटेसारखा होऊ लागला तर खांब जास्त पडताहेत, आवळला तर कमी. हे काम कंटाळवाणं आहे, सांगून ठेवते. पण मफलर हातचा दिसतो की दुकानातला, ते काठावर ठरतं.

उरलेली टोकं बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या पट्ट्यात लपवा. एका दिशेने चार-पाच टाके जा, एक धागा सोडून परत फिरा, पुन्हा पहिल्या दिशेने. एकाच दिशेने नेलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

झालर हवीच असं नाही. पुरुषमंडळींना बहुतेक नको असते. हवी असेल तर १५ सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याभोवती लोकर गुंडाळा आणि एका बाजूने कापा, ३० सेंटिमीटरचे तुकडे मिळतील. दोन तुकडे एकत्र दुमडा, मफलरच्या टोकाच्या टाक्यातून सुईने दुमड ओढा आणि टोकं त्यातून घालून आवळा. एक आड एक टाका धरला तर एका टोकाला १३ गोंडे, दोन्हीकडे मिळून २६. शेवटी कात्रीने समान कापा. पण कापताना मफलर टेबलावर सपाट पसरा. लोंबत धरून कापलीत तर तिरकी कापली जाते आणि सरळ करता करता झालर दाढीच्या खुंटासारखी उरते. हे कसं माहीत, विचारू नका.

धुणं

अ‍ॅक्रिलिकच्या मफलरवर गरम इस्त्री ठेवायची नाही. ती लोकर वितळत नाही इतपत ऊब लागली तरी मरते, लिबलिबीत होते, परत फुगत नाही. कोमट पाण्यात, शाम्पूच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात हलक्या हाताने धुवा. गडद रंग पहिल्या वेळी वेगळ्या बादलीत बुडवून बघा, पाणी रंगतंय का ते. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने तो लांब आणि अरुंद होतो, म्हणून गच्चीत सावलीला चटई टाकून तिच्यावर पसरा, कडा हाताने सरळ करा आणि तसाच वाळू द्या. आमच्याकडे तेवढ्यात मांजर येऊन त्याच्यावर बसतं, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.